लाल टी-शर्ट

लिओच्या अंगावरचा लाल टी-शर्ट आठ दिवस आणखी टिकता, तर त्याला लाइफगार्डची पक्की ग्रेड मिळणार होती, ग्रेडवर फॅमिली व्हिसा, आणि व्हिसावर वसईहून अ‍ॅलिस आणि छोटी रोशेल.

पण १९९७च्या ऑगस्टात दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका हॉटेलचा मॅनेजर मॅकलीन साहेब याने टी-शर्ट काढून घेतला आणि हातात ट्रे दिला. दोन वर्षांपूर्वी “वसई? म्हणजे समुद्रावरचा!” म्हणत त्यानेच लिओला नेमलं होतं. तेव्हापासून कुणी बुडालं नव्हतं. लिओची शिट्टीच इतकी कडक, की खोल पाण्याकडे जायची कुणाची छाती नव्हती.

“या उन्हात पोहतंय कोण?” साहेब म्हणाला. “आणि आमच्या स्कॉटलंडचा कायदा ऐकून ठेव. ज्याच्यावर जबाबदारी नाही, तो बुडणाऱ्याकडे बघत राहिला तरी गुन्हेगार नाही. अडकतो तो लाइफगार्ड. तुझं भलंच केलं मी.”

“मग लेखी द्या.”

साहेबाने हसत लिहून दिलं: लिओ वेटर, पूलशी संबंध नाही.

शुक्रवारी भरल्या पोटी साहेबच पाण्यात उतरला. पायात गोळा आला. “लिओ! लिओ!”

लिओ ट्रे धरून उभा, घरच्या केळीच्या बागेत रोवल्यासारखा. “हारुन!” त्याने हॉटेलच्या बागेकडे बोंब ठोकली. पन्नाशीचा माळी पाइप टाकून धावला, कपड्यांनिशी उडी मारून त्याने साहेबाला ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकासमोर, अरबाबसमोर, साहेबाने लिओकडे बोट दाखवलं. “हा नुसता बघत होता! जेलमध्ये घाला याला!”

लिओने मान खाली घातली नाही. कागद टेबलावर ठेवला. “यांच्या कायद्याने मी सुटलो. आता लाइफगार्ड काढून पूल उघडा कोणी ठेवला, तेही त्याच कायद्याला विचारा.”

अरबाबने कागद दोनदा वाचला. “हा स्कॉटलंड नाही, मॅकलीन. पण सही तुझीच ना? खलास.”

महिनाअखेर हिशोब असा लागला: साहेबाची नोकरी गेली. माळ्यांना पूलबंदी असताना पाण्यात उतरला म्हणून हारुनला वॉर्निंग लेटर मिळालं. लिओला लाल टी-शर्ट मिळाला, आणि व्हिसाही.

फोनवर अ‍ॅलिस आनंदाने रडली. मग नाक ओढत म्हणाली, “लिओ, आता तरी पोहायला शिकशील का रे?”