सत्तावीस सेकंदांची घरघर

पडद्यावरचं दार उघडायला अजून तीन मिनिटं होती आणि हर्षाचा जीव आत्ताच टांगणीला लागला होता.

आंजी गावच्या समाजमंदिरात भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या बांधून सिनेमा चालला होता. कापसाच्या बंद जिनिंगमध्ये अडकलेल्या बाईची भीतिकथा. सिनेमा नागपूरच्या धीरजचा, संगीत गावच्याच हर्षाचं. सतरंजीवर चाळीसेक बाया मांडी ठोकून बसल्या होत्या. धीरजची अट साधी होती. एक जरी बाई भ्यायली, जागची हलली, तर पुढच्या पिक्चरचं काम हर्षाला. नाही हलली, तर सोमवारपासून तिनं वर्ध्यातल्या एका दवाखान्यात केसपेपर काढायला बसायचं, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

लक्षणं काही धड नव्हती. व्हायोलिन किंचाळलं तेव्हा रुख्माबाई जांभई देत होत्या. ढोल धडाडला, तर कमलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "कोनाची वरात निंघाली वं?" सगळ्या खिदळल्या. हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता हाती एकच आवाज उरला होता. शेतातली मोटार सुरू करताना कोरड्या पाइपातून हवा घरघरते, ती तिनं फोनवर पकडली होती. सत्तावीस सेकंद. खाली थोडी फुसफुस मिसळलेली. ती पहिल्यांदा ऐकताना धीरजनं हेडफोन काढून फेकले होते.

दार किलकिलं झालं. मागच्या भिंतीजवळच्या स्पीकरमधून घरघर सुरू झाली.

रुख्माबाईंची जांभई अर्ध्यातच थांबली. कुजबुज बंद पडली. एकीनं शेजारणीचा हात गच्च धरला.

"आयकू आलं का तुले?"

"आलं वं. चूप राय!"

पडद्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे कान मागच्या भिंतीकडे. कमलाबाईंनी पदर खोचला. हर्षाच्या अंगावर सरसरून काटा आला.

घरघर चढली, तशा कमलाबाई ताडकन उठल्या.

"पळा वं, पळा!"

चपला राहिल्या, सतरंजी गोळा झाली, दारात रेटारेटी झाली. बघता बघता हॉल रिकामा.

धीरज नाचायचाच बाकी होता. "मी एक बाई म्हटली होती, तू तर पूरा हॉल खाली केला! भेव काय असते ते तुले समजलं, हर्षा. काम तुझं. पक्कं!"

हर्षा हसता हसता रडायला लागली. तिनं बाबांना फोन लावला. "बाबा, सोमवारी मी नाई जात!" बाबा काय म्हणाले ते तिला ऐकूही आलं नाही, इतका आनंद झाला होता. मग वायरी गुंडाळताना तिला एकदम बायांची काळजी वाटली. म्हाताऱ्या माणसांना एवढं घाबरवलं, निदान धीर तरी द्यावा, म्हणून ती बाहेर धावली.

समाजमंदिराच्या मागे, भिंतीला लागून असलेल्या सार्वजनिक नळावर चाळीस बायांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा गुंड, बादली, डबा, घरात सापडेल ते. सगळ्यांच्या तोंडावर हसू. रुख्माबाई सताड उघड्या, कोरड्या तोटीखाली भांडं धरून उभ्या होत्या.

"मावशी, भेऊ नका," हर्षा धापा टाकत म्हणाली.

"काऊन भेईन वं?" रुख्माबाई म्हणाल्या. "आठ दिवसानं नळ आला, पोरी! हवा बोलून गेली, आता पाणी येतेच. जाय, तूही गुंड घेऊन ये."