कावळा शिवला तेव्हा

"टॉवेल असा बांधत न्हाईत," उमाशंकर म्हणाले. "गाठ डाव्या बाजूला घ्या. आन् पाण्याचा माठ कोठडीत नसतो, भाईर असतो. गजातून हात घातला तरी पुरत न्हाय."

शिवांजलीनं लगेच माठ बाहेर हलवायला लावला. हा तिचा पहिलाच सिनेमा, एका कादंबरीवरून घेतलेला. तुरुंगात मेलेला कैदी पुन्हा आपल्या कोठडीत येऊन बसतो, अशी गोष्ट. धाराशिवबाहेर बंद पडलेल्या जिनिंग मिलमध्ये तिनं तुरुंग उभा केला होता आणि तो खरा दिसावा म्हणून निवृत्त जेल हवालदार उमाशंकर यांना बोलावलं होतं. माणूस भारी चिकित्सक. भिंतीचा रंगसुद्धा त्यांनी दोनदा बदलायला लावला. नोकरी सुटते, सवय सुटत नाही.

आज त्यांनाही एक लहानसं काम दिलं होतं. अंगात जुनी खाकी, कॉलरखाली टाचलेला माईक. गस्त घालत कोठडीत शिरायचं आणि घोंगडीखाली झोपलेल्या कैद्यापाशी बसायचं, एवढंच.

कैद्याच्या आईचं काम करायला तेर गावाहून धुरपदाबाई आल्या होत्या. त्यांचं नाव उमाशंकरांनीच सुचवलं. बाईंना नाटक करावंच लागणार नव्हतं. त्यांचा कृष्णराज, घरचा किस्ना, खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मेला. टॉवेलनं गळफास घेतला, असं चौकशीत निघालं. बाईंनी ते कधी मानलं नाही. "माझ्या लेकानं तसं केलं न्हाय. खरं काय ते कळू द्या, मग म्या मरायला मोकळी," एवढं एकच मागणं त्या तुळजाभवानीपुढं आणि भेटेल त्या साहेबापुढं मागत आल्या होत्या.

किस्ना गेला त्या दिवशी हजेरीपटावर उमाशंकर रजेवर होते, तुळजापूरला दर्शनाला. चौकशीत त्यांनी तसं सांगितलं, आणि देवीचं नाव घेतल्यावर कोण खोदून विचारतो?

तरी दहाव्याला ते तेरला गेले. तेरणा नदीच्या काठी पिंड मांडला होता आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता. चुलता म्हणाला, तुझ्या वाट्याचं रान सांभाळू. मेहुणा म्हणाला, धाकट्या बहिणीचं लग्न लावू. कावळे बाभळीवरून हलेनात. ऊन चढलं, बायका रडून थकल्या. शेवटी उमाशंकर पुढं झाले, पिंडापाशी वाकून काही पुटपुटले. ते मागं सरतात तोच कावळ्यानं घास उचलला.

"तुझ्या आईला अंतर देणार न्हाय म्हणालो," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून बाईंच्या लेखी ते देवमाणूस. दर दिवाळीला त्यांच्याकडून लुगडं येतं.

बाईंना आता ऐकायला कमी येतं. म्हणून शिवांजलीनं त्यांना सेटच्या मागं आपल्याजवळ बसवून कानांवर हेडफोन चढवले होते.

"काका, आत जाऊन बसा. लाइट लावायला अजून वेळ आहे," तिनं ओरडून सांगितलं.

उमाशंकर आत गेले. भरदुपारी कोठडीत अंधार होता. भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून घोंगडी ओढून कैदी पडला होता. रणधीर नावाचा पुण्याचा नट आज पहिल्यांदाच यायचा होता. पोरगं वेळेवर आलं, याचं त्यांना बरं वाटलं.

"मामा," घोंगडीतून आवाज आला.

उमाशंकर हसले. सेटवर सगळे त्यांना काका म्हणत; मामा म्हणायचे ते कैदी. पोरानं अभ्यास केलेला दिसत होता. बोलीसुद्धा थेट तेरची.

"मामा, मरताना त्यो काय म्हनला आसंल? आई म्हनला का?"

"आई न्हाय. पाणी मागितलं," ते सवयीनं चूक सुधारून गेले.

"मग दिलं का?"

उमाशंकरांनी बाहेर पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि हा पोरगा परका, आज इथं, उद्या पुण्याला. छातीवरचा धोंडा थोडा तरी सरकवावा असं त्यांना फार वाटलं.

"न्हाय दिलं," ते हळूच म्हणाले. "चार कैद्यांसमोर मला उलटून बोलला व्हता. दांडकं जरा जास्तच बसलं. माठ तितंच व्हता, भाईर. हात पुरंना त्याचा."

"आन् टॉवेल?"

"त्यो मागनं म्या बांधला. रजाबी मागनंच टाकली."

"गाठ डाव्या बाजूला."

"व्हय. म्या डावखुरा."

घोंगडी हलली नाही. कोठडीत ओल्या चिखलाचा, नदीकाठचा वास आला.

"मग आईला का सांगितलं न्हाय, मामा?" आवाज तसाच शांत होता. "तेरणेवर वाकून काय म्हनला व्हता तुमी? तुज्या आईला खरं सांगीन. म्हनून तर घास घेतला म्या."

उमाशंकरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते शब्द त्यांनी पिंडाशिवाय कोणालाही सांगितले नव्हते.

दिवे लागले. घोंगडी जमिनीवर सपाट पडली होती.

गजापाशी शिवांजली उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, रणधीरची गाडी नळदुर्गपाशी बंद पडलीय. तो अजून आलेलाच नाही. तुमचा माईक चालू होता. मला तुमचं एकट्याचंच बोलणं ऐकू आलं. तुम्ही बोलत कोणाशी होता?"

मागून धुरपदाबाई आल्या. हेडफोन त्यांच्या गळ्यात लोंबत होते. हवालदारांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माठातून तांब्या भरला, गजातून हात आत घातला आणि रिकाम्या घोंगडीकडं धरला.

"घे रं किस्ना," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्या समदं. आता पाणी पी."