दहा सेकंद

उद्या पत्रकारांसमोर कंपनीच्या वतीनं माफी मागायची, म्हणून अध्यक्ष कुसुनोकी साहेब सकाळपासून आमच्या जपानी रीतीप्रमाणे कमरेत वाकण्याचा सराव करत होते. साठ वर्षं आम्ही स्वस्तातल्या चिमुकल्या गाड्या बनवतोय. भाजीवाला असो की देवळातला भिक्षू, दारात गाडी आमचीच. साहेबांची म्हातारी आईसुद्धा संत्र्याच्या बागेत त्याच गाडीनं जाते.

पहिल्या खेपेला साहेब चार सेकंदांत उठले.

"एवढ्यात उठलात तर पेपरवाले लिहितील, यांना काही वाटतच नाही," मी म्हणाले. कंपनीत पत्रकारांना सांभाळायचं काम माझ्याकडे.

दुसऱ्या खेपेला वीस झाले तरी उठेनात.

"आता लिहितील, नाटक करतायत. दहा सेकंद बास, साहेब."

"अगं ओकुमुरा, मनापासून वाकल्यावर आकडे कोण मोजणार?"

"म्हणून तर मनावर सोडायचंच नाही. हा टायमर खिशात ठेवा. दहा झाले की थरथरेल, तेव्हा उठायचं."

तिसऱ्या खेपेला झकास जमलं. मग मी निवेदनाचा कागद त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो खड्या आवाजात वाचला.

"टकरीच्या चाचणीत आमच्या गाडीची एअरबॅग धक्का जाणवल्यावर उघडायला हवी होती. आम्ही आत टायमर लपवला आणि ती ठरल्या वेळी उघडवली. त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो."

वाचून साहेब वाकले. बरोबर दहाव्या सेकंदाला खिसा थरथरला.

साहेब उठले नाहीत.