आधी भार्गवीचा डेस्कटॉप

“रोज माझो डेस्कटॉप हातान कित्याक बदलतंस, वयनी? एकदाच कायमचा लावन ठेव. तू एखाद दिस नसलंस तर?” भार्गवीनं बजावलं होतं. गौरजानं ते हसण्यावारी नेलं. “मी खंय जातंय?”

बुधवारी पहाटे लेकाला ताप भरला आणि ती त्याला घेऊन मालवणला दवाखान्यात गेली. परतली तेव्हा अकरा वाजले होते. नणंद भार्गवी संगणकापुढे बसलेली. संगणक चालू, आणि मुका.

भार्गवीला जन्मापासून दिसत नाही. घरचा जुना, लिनक्सवर चालणारा संगणक तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा, पण त्यातल्या एकाच, साध्या डेस्कटॉपवर. धाकटा दीर विश्वेश संध्याकाळी होमस्टेच्या पाहुण्यांना स्कुबाचे व्हिडिओ दाखवायला दुसरा, चकचकीत डेस्कटॉप उघडायचा. त्यात वाचून दाखवायची सोय नव्हती. आणि शेवटी जो निवडला असेल तोच लॉगिनचा पडदा लक्षात ठेवायचा. म्हणून रोज सकाळी गौरजा कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करून नणंदेचा डेस्कटॉप लावून द्यायची.

देवबागातल्या चार होमस्टेंच्या बुकिंगना उत्तरं पाठवायचं काम भार्गवीनं महिन्यापूर्वीच मिळवलं होतं. दहाच्या आत उत्तरं गेलीच पाहिजेत, ही अट. त्या दिवशी एकही गेलं नव्हतं. काम देणाऱ्या बाबलीचा फोनही येऊन गेला होता: “परत असा झाला, तर दुसऱ्या कोणाक देतंय.”

जेवताना विश्वेश म्हणाला, “एवढा काय त्यात? कोपऱ्यात एक क्लिक तर करूचा आसा.”

“खंय?” भार्गवीनं विचारलं.

सासूबाई वाढायचं विसरल्या.

दुपारी लेक झोपला तशी गौरजा बसली. बी.एससी.ला शिकलेलं बरंचसं पुसलं गेलं होतं, पण शोधून वाचता येत होतं. तिनं लॉगिनच्या सेटिंगची फाइल उघडली. एक अक्षर चुकलं तर संगणक उघडायचाच नाही, मग हातचं कामही गेलं. तिनं साधा डेस्कटॉप कायमचा लावणारी ओळ लिहिली, तीनदा तपासली, भार्गवीला मोठ्यानं वाचून दाखवली आणि सेव्ह केली. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कुणालाही काही न विचारता थेट साध्या डेस्कटॉपवर गेला, आणि बोलू लागला.

संध्याकाळी विश्वेश तणतणत आला. “वयनी, ह्या काय? आता माका रोज लॉग आउट करून माझो डेस्कटॉप निवडूचो लागतलो!”

“निवडा. तुमका दिसता मां, भावजी?”

“पावण्यांसमोर दोन मिनटा जातत!”

“हिचो आख्खो दिस गेलो.”

गुरुवारी पावणेदहालाच शेवटचं उत्तर गेलं. विश्वेश अजून तरी लॉग आउट करून आपला डेस्कटॉप निवडतो आहे. पण ती फाइल त्यालाही सापडेल, हे गौरजा जाणून आहे, आणि तापाचं पोर घेऊन ती चोवीस तास पहाऱ्याला बसू शकत नाही. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. देवबागात आलात, तर सकाळी नवाच्या सुमाराला त्या घरावरून जा. संगणक बोलताना ऐकू आला नाही, तर अंगणात थांबू नका. सरळ आत या आणि भार्गवीला विचारा, आज तुला कुणी गप्प केलं?