कानाचा हलका नकाशा

"अक्काताई, वीस वर्षं मोजणी करतोय. सूतभर चूक दाखवा, मिशी उतरवतो," असं म्हणत भूमापक नेमगोंडा चौगुलेनं नकाशा सुरू केला.

हल्ली नकाशा बोलून भरायचा. त्यात जे उमटेल ते यंत्रं लगेच जमिनीवर करून टाकायची आणि जे उमटलं नसेल ते पाडायची. अक्काताईंचं घर नकाशात यायचं राहूनच गेलं होतं. बाराच्या आत ते चढवलं नाही, तर सपाट होणार होतं.

"हे टेपचं टोक धरा. हां, आता ओढा."

नकाशात निळी रेघ उमटली. खोदायची यंत्रं धावत आली आणि स्वयंपाकघरातून ओढा काढायला लागली.

"अरे मुडद्या, माझी चूल!" अक्काताई किंचाळल्या. "काय सांगितलंस त्याला?"

"टेप ओढायला सांगितलं हो तुम्हाला!" चौगुले यंत्रांपुढे आडवा झाला. "थांबा! अहो, थांबा!"

यंत्रं वळली. त्यांनी ओसरीत एक आणि देवघरात एक असे पत्र्याचे दोन बसथांबे उभारले, बाकंही टाकली.

सव्वाअकराला भिंत फोडून बस आली आणि दोन्ही थांब्यांवर थांबली.