बटण

“भटजी नको, मंत्र नकोत, पिंडबिंड काही नको,” विद्याधर दाहगृहातल्या बाईंना डचमध्ये सांगत होता. “चार मित्र येतील, कॉफी पितील, संपलं.”

सोमवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी स्वतःच्या अंत्यविधीचं ठरवून टाकू, असं तो भाजी आणायला निघावं तितक्या सहजपणे म्हणाला होता. मृणाल मुकाट्यानं बरोबर आली होती. इतकी वर्षं नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहूनही नवरा-बायको या इमारतीत कधी शिरले नव्हते.

बाईंनी हळूच विचारलं, “शवपेटी भट्टीत सरकवायचं बटण घरचं कोणी दाबणार, की आमचा माणूस?”

“ही दाबेल.”

“मला नाही जमणार,” मृणाल मराठीत म्हणाली. “साताऱ्यात असतो तर तुझ्या भावानं सगळं केलं असतं. मला कोणी स्मशानातही नेलं नसतं. इथे तू मला एकटीला उभं करतोयस. मी तिथेच कोसळेन.”

तो थट्टेवारी नेईल असं तिला वाटलं. पण त्यानं टेबलाखाली तिचा हात धरला. त्याचा तळवा घामानं ओला होता.

“मीही फार घाबरलोय गं,” तो म्हणाला. “मेल्यावर काही कळत नाही, हे मला माहीत आहे. तरी झोप लागत नाही. शेवटी तू शेजारी असशील एवढं आत्ता कळलं, तर सोमवारी मला आत जाता येईल.”

बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या.

“मी दाबेन,” मृणालनं त्यांना सांगितलं.