उभं राहायला एक माणूस

“मला समोर एक माणूस लागेल,” हेमांगीताई म्हणाल्या. “त्यानं काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं.”

पियानोवरच्या मुकुलचे हात थांबले. कोलशेतच्या या जुन्या गोदामाचा आता कॅफे झाला होता. दाराशी पाटी होती : ‘जुनी जॅझ गीते, नाट्यसंगीताच्या गळ्यातून. दुपारी चार.’ साडेतीन वाजले होते.

“ताई, गाण्यातला माणूस सोडून गेलाय. गाणंच ते आहे. बाई एकटी उरलीय.”

“आमच्या संगीत नाटकात नायिका वीस-वीस मिनिटं विरहाचं पद म्हणायची, तेव्हा नायक शेजारीच उभा असायचा. विरह आहे म्हणून त्याला कोणी घरी पाठवत नसे.”

“पण जॅझमध्ये समोर कोणी नसतं, ताई.”

“समोर कोणी नसताना मी घरी रोजच गाते. त्यासाठी कोपरीहून रिक्षा करून कशाला येऊ?”

मुकुलने उठून माणूस शोधला. गोदामाचे मालक राघोशेठ रोज दुपारी दाराशी खुर्ची टाकून चहा पीत बसत. इथे पूर्वी त्यांची मिठागरं होती. जागा अजून जागेवर आहे ना, एवढं बघून ते जात. त्यांना उठवलं.

“मना काय बोलाचा हाय?”

“काही नाही, काका. शेवटच्या कडव्याला मी मान हलवली की आत किचनमध्ये निघून जायचं.”

“न बाय?”

“त्या गात राहतील.”

राघोशेठना ही व्यवस्था फारशी पसंत दिसली नाही, पण ते स्टेजवर चढले.

चारला वीसेक माणसं जमली. केकवरची नजर न काढता टाळ्या वाजवण्याचा त्यांना सराव होता. राघोशेठ हात मागे बांधून, ग्रुप फोटोत उभे राहतात तसे उभे राहिले. हेमांगीताईंनी सूर लावला. पहिल्या कडव्यात त्यांनी सवयीने एक तान घेतली, दुसऱ्यात तीही नाही. थांब, एवढंच ते गाणं इंग्रजीत निरनिराळ्या तऱ्हांनी सांगत होतं. तीस वर्षं त्यांचे नायक पदाच्या वेळी पहिल्या रांगेतले ओळखीचे चेहरे शोधत आले. हा माणूस त्यांच्याकडे बघत होता. पापणी हलत नव्हती.

शेवटचं कडवं आलं. मुकुलने मान हलवली. राघोशेठ तिथेच. मुकुलने पुन्हा हलवली, पियानो हलेल इतकी.

“अरं, बाय येवरी इनवनी करते,” राघोशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “न मी जाव?”

लोक हसले. काहींनी केकवरून मानही उचलली.

हेमांगीताई हसल्या नाहीत. कडवं चार ओळींचं होतं. चौथी झाली की गाणं संपणार, आणि राघोशेठ उतरून आपल्या खुर्चीकडे जाणार. तिसऱ्या ओळीवरून त्या परत पहिलीवर आल्या. मुकुलने चमकून पाहिलं. चुकल्या, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या खेपेला त्याने मान खाली घातली आणि मुकाट साथ धरली.

चौथ्या ओळीला त्या शिवल्याच नाहीत.